सुंभ आणि पीळ

विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की तो तास मुख्याध्यापकाने घ्यायचा, अशी आमच्या शाळेची जुनी रीत आहे. मी मराठीचा एम. ए.; प्रयोगशाळेशी माझा संबंध फार तर खरेदीच्या बिलावर सही करण्यापुरता. तरी एकदा दहावीच्या वर्गावर आनुवंशिकतेचा धडा माझ्या वाट्याला आला. फळ्यावर मी दोन नागमोडी रेघा काढल्या, मध्ये आडव्या पट्ट्या मारल्या आणि पुस्तकात होते तेच सांगितले : डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, एका पेशीत दोन मीटर लांबीची शिडी असते म्हणता. ती मावायची म्हणजे वाकवायलाच पाहिजे. मग पायऱ्या मोडत नाहीत का?"

मी म्हणालो, "परीक्षेत एवढे विचारत नाहीत. बस खाली."

याला आता आठ-नऊ वर्षे झाली. गेल्या दिवाळीत धारवाडला एम. एस्सी. करणारी माझी पुतणी घरी आली होती. तिच्यापाशी मी ही हकीकत सहज सांगितली. ती हसली नाही. तिने आपल्या पुस्तकांतील काही आकृत्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "काका, त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. चुकली होती ती तुमची शिडी."

प्रस्तुत लेख हा त्या मुलीची मागितलेली माफीच आहे, असे समजायला हरकत नाही. मात्र हा विज्ञानलेख नव्हे. विज्ञानात माझी गती नाही, ती आहे शब्दांत. कवितेतील प्रतिमा काय दाखवते आणि काय झाकते, हे तपासण्याची सवय आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना असते. शिडी, ग्रंथ, रीळ, खोगीर, कुलूप-किल्ली या सगळ्या प्रतिमाच आहेत. त्यांचे कर्ते शास्त्रज्ञ असले म्हणून त्या समीक्षेतून सुटत नाहीत. त्यांची परीक्षा मी एकाच वस्तुस्थितीच्या आधारे करणार आहे. ती अशी की प्रथिने डीएनएला येऊन चिकटतात, तेव्हा त्याचा आकार बदलतो. तो वाकतो, त्याचा पीळ कुठे सैल होतो, कुठे घट्ट होतो, आणि या बदलावर पेशीचे पुष्कळसे कामकाज चालते.

१

आरंभ एका चित्रापासून केला पाहिजे. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ या साप्ताहिकात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा जेमतेम पानभराचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यासोबतचे चित्र काढले होते क्रिक यांच्या पत्नी ओडिल क्रिक यांनी. त्या चित्रकार होत्या. एकमेकींभोवती वळलेल्या दोन फिती, त्यांना जोडणाऱ्या आडव्या कांड्या आणि मधोमध एक उभी सरळ रेघ. विसाव्या शतकातील फार थोड्या चित्रांना एवढे भाग्य लाभले असेल. पाठ्यपुस्तके, टपालाची तिकिटे, औषधांच्या जाहिराती, सगळीकडे ते पोहोचले. कित्येक ठिकाणी तर पीळ उलटा छापला जातो, उजवा असायचा तो डावा होतो, आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चित्र म्हणून ते निर्दोष आहे. त्यात लय आहे, काटकसर आहे. ही केवळ रूपरेषा आहे असे लेखकांनी चित्राखाली प्रांजळपणे नोंदवलेही होते. पण वाचकाच्या मनात चित्र राहते, तळटीप राहत नाही. मधली ती सरळ उभी रेघ पाहा. ती कोठल्याही अणूची नाही, ती फक्त अक्ष दाखवते. तरीही आपल्या कल्पनेतल्या डीएनएला ताठ उभे केले ते त्या रेघेने. रिकाम्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो रेणू एकटा उभा आहे. पाणी नाही, मीठ नाही, प्रथिन नाही, शेजार नाही. जिवंत पेशीत डीएनए असा एकटा कधीच नसतो. एखाद्या माणसाचा ओळखपत्रावरचा फोटो पाहून त्याच्या संसाराची कल्पना करावी, तसे आपण गेली सत्तर वर्षे करीत आलो.

या चित्राला शब्दांची जोड मिळाली ती १९६८ साली. वॉटसन यांचे ‘द डबल हेलिक्स’ हे पुस्तक त्या वर्षी निघाले. क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांनी हरकत घेतल्यामुळे हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने ते छापायचे रद्द केले आणि दुसऱ्या प्रकाशकाने ते काढले. पुस्तक कमालीचे वाचनीय आहे. शास्त्रज्ञही हेवेदावे करतात, घाई करतात, चुकतात, हे इतक्या उघडपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी लिहिले असेल. हा त्याचा मोठा गुण मी मान्य करतो. रोझालिंड फ्रँकलिन यांच्यावर त्यात झालेल्या अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ते योग्यच आहे. त्या १९५८ साली अवघ्या ३७ व्या वर्षी निवर्तल्या, आपली बाजू मांडायला त्या उरल्या नव्हत्या. त्यांना पुस्तकभर एका टोपणनावाने संबोधले आहे आणि अखेरीस थोडीशी भरपाई केली आहे.

पण माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो कथानकाच्या रचनेवर आहे. हे पुस्तक शर्यतीसारखे बांधलेले आहे. शर्यत म्हटली की अंतिम रेषा आली. आकार सापडला, शर्यत संपली, पडदा पडला. त्यामुळे डीएनएचा आकार ही एकदाच सापडणारी आणि मग कायमची ठरून जाणारी वस्तू आहे, असे वाचकाला वाटू लागते. दैवगती अशी की ज्या बाईंना या कथानकात दुय्यम जागा मिळाली, त्यांनाच आकाराचे हे चंचलपण आधी दिसले होते. फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी दाखवून दिले की भोवतालची आर्द्रता बदलली की डीएनएचा आकार बदलतो. कोरड्यात तो आखूड आणि जाड होतो, ओलाव्यात लांब आणि सडपातळ. पहिल्याला ‘ए’ रूप म्हणतात, दुसऱ्याला ‘बी’ रूप. मे १९५२ मधील ते प्रसिद्ध ५१ क्रमांकाचे छायाचित्र ‘बी’ रूपाचे. म्हणजे आकार हा सोबतीवर अवलंबून असतो, ही गोष्ट पहिल्याच पानावर लिहिलेली होती. कथानकाच्या वेगात ती मागे पडली.

२

दुसरी प्रतिमा ग्रंथाची. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला जीवनग्रंथ. या प्रतिमेचे मूळ बरेच मागे जाते. श्रोडिंगर यांनी १९४४ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात आनुवंशिकतेला सांकेतिक लिपी म्हटले होते. २६ जून २००० रोजी मानवी जनुकसंचाचा कच्चा मसुदा तयार झाल्याची घोषणा अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली, तेव्हा ही देवाची भाषा आहे इथपर्यंत मजल गेली.

या प्रतिमेचे उपकार मोठे आहेत. ए, टी, जी, सी ही अक्षरे, तीन अक्षरांचा एक शब्द, नक्कल, भाषांतर, छपाईची चूक, एवढे सारे एका रूपकातून समजते. मीही तेच शिकवत आलो. परंतु ग्रंथ वाचल्याने ग्रंथाचा आकार बदलत नाही. मी ज्ञानेश्वरीचे पारायण शंभर वेळा केले म्हणून ओवी वाकडी होत नाही. डीएनएचे तसे नाही. तिथे वाचणे म्हणजेच हात लावणे, आणि हात लावणे म्हणजे बहुधा वाकवणे.

यासाठी थोडा तपशील द्यावा लागेल. वाचकांनी कंटाळू नये. डीएनएची जाडी सुमारे २ नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील दोन. पाण्यातील मोकळ्या डीएनएचा एक पूर्ण पीळ सुमारे साडेदहा जोड्यांत होतो. अक्षरांच्या जोड्या नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक घट्ट बसलेल्या असतात आणि बाहेरच्या दोन्ही धाग्यांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे हा रेणू आपल्याला वाटतो तसा दोऱ्यासारखा लुळा नाही. सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे दीडशेच्या आसपास जोड्या, एवढ्या अंतरात तो जवळपास सरळ राहू पाहतो. वेताच्या छडीसारखा म्हणा. वाकेल, पण मनात नसताना.

या ताठर रेणूला दोन अंगांनी खाचा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. प्रथिने या खाचांत बोटे घालून अक्षरे चाचपतात. ज्या प्रथिनाला ज्या अक्षरांची ओळख असेल, ते तिथे बसते. ग्रंथाची प्रतिमा इथपर्यंत ठीक चालते. पुढे मात्र ती थांबते. कारण पुष्कळ प्रथिने अक्षरे वाचतात तशी अक्षरांची वळणेही वाचतात. टी नंतर ए आले तर तो सांधा सैल असतो, सहज मुडपतो. ओळीने बरीच ए आली तर तो भाग ताठ होतो आणि तिथली अरुंद खाच अधिकच अरुंद होते. अशा अरुंद जागी ऋण भार दाटतो आणि आर्जिनिन या धनभारित घटकाला ती जागा आपलीशी वाटते. २००९ साली रेमो रोह्स, रिचर्ड मान आणि बॅरी होनिग यांच्या गटाने अनेक ज्ञात रचना तपासून ही रीत किती सर्रास आहे ते दाखवले. म्हणजे मजकूर आणि हस्ताक्षर हे दोन्ही वाचले जातात. छापील ग्रंथाच्या प्रतिमेत हस्ताक्षराला जागाच नाही.

३

आता खोगीर. या प्रतिमेची गंमत अशी की ती शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत उलटी झाली.

अनेक जनुकांच्या अलीकडे टी-ए-टी-ए अशा अक्षरांचा एक छोटा शब्द असतो. अभ्यासक त्याला ‘टाटा बॉक्स’ म्हणतात; जमशेटजींशी त्याचा काही संबंध नाही. सगळ्याच जनुकांपुढे हा शब्द असतो असे नाही, पण जिथे असतो तिथे टीबीपी नावाचे प्रथिन येऊन बसते आणि मग जनुकाची नक्कल करणारी मोठी यंत्रणा तिथे जमते. हे प्रथिन १९९२ साली एकटे पाहिले गेले, तेव्हा ते थेट खोगिरासारखे दिसले. दोन्ही बाजूंना रिकिबी असाव्यात तसे लोंबते भाग आणि खाली अंतर्वक्र पोट. साहजिकच कल्पना अशी झाली की डीएनएच्या सरळ पाठीवर हे खोगीर चढत असणार.

१९९३ साली दोन गटांनी एकाच वेळी डीएनएसह त्याची रचना प्रसिद्ध केली. एक गट पॉल सिग्लर यांचा, त्याने यीस्टचे प्रथिन घेतले होते. दुसरा स्टीफन बर्ली यांचा, त्याने मोहरीच्या कुळातील एका रोपट्याचे. दोन्हींत दिसले ते सारखेच. खोगीर अरुंद खाचेच्या अंगाने बसले होते, आणि खालचा डीएनए सरळ राहिलाच नव्हता. सुमारे ८० अंशांनी तो मुडपला होता. आठ जोड्यांच्या त्या टप्प्यात पीळ उलगडला होता, अरुंद खाच पसरून सपाट झाली होती. दोन्ही टोकांना फिनाइलअ‍ॅलनिन या घटकाच्या दोन-दोन चपट्या कड्या अक्षरांच्या थरांमध्ये पाचरीसारख्या घुसल्या होत्या. ओंडका फोडताना पाचर मारतात ना, तशाच. आमच्याकडे खोगीर घोड्याच्या पाठीवर बेततात. इथे घोड्याची पाठच खोगिरावर बेतली गेली!

हे एकच उदाहरण असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण तसे नाही. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूत साखरेचा तुटवडा पडला की कॅप नावाचे प्रथिन डीएनएवर बसते. १९९१ सालच्या रचनेत तो सुमारे ९० अंशांत वळलेला दिसला, जवळजवळ काटकोन. त्याच जिवाणूतील आयएचएफ या प्रथिनाची रचना १९९६ साली फीबी राइस आणि सहकाऱ्यांनी दाखवली. पस्तीसेक जोड्यांच्या टप्प्यात डीएनए १६० अंशांहून अधिक वळला होता. आला त्याच दिशेला परत निघाला, घाटातल्या अवघड वळणावर मोटार फिरते तसा. तिथेही दोन ठिकाणी पाचरीच होत्या.

आणि हे वाकवणे निरर्थक नाही. दूरची दोन ठिकाणे त्यामुळे जवळ येतात, आणि जी प्रथिने एकमेकांना भेटली नसती ती भेटतात. वाकलेली जागा हीच पुढच्या प्रथिनाला खूण ठरते. कर्करोगावर १९७८ पासून वापरात असलेले सिसप्लॅटिन हे औषध घ्या. ते शेजारच्या दोन जी अक्षरांना जखडून डीएनएला असा मुडपा घालते की पेशीतील वाक ओळखणारी काही प्रथिने फसून तिथेच जाऊन चिकटतात. आपल्या गावातील कित्येक घरांनी या औषधाचे नाव दवाखान्याच्या कागदावर वाचले असेल. त्या नावामागे एका वाकाची कथा आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

४

आता त्या मुलीचा प्रश्न. दोन मीटरची शिडी एवढ्याशा पेशीत कशी मावते?

याला ठरलेले उत्तर ‘रिळाचे’. हिस्टोन नावाची आठ प्रथिने, चार प्रकारांची दोन-दोन, एकत्र येऊन एक गट्टू बनतो. त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ जोड्या दीडाहून अधिक, पावणेदोनाहून थोडी कमी वेटोळी घेतात. असे लाखो गट्टू एका धाग्यावर ओवलेले. ही मांडणी १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी सुचवली आणि १९९७ साली कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड व सहकाऱ्यांनी तिचे अणूअणूपर्यंत दर्शन घडवले.

रिळाची प्रतिमा घरगुती आहे आणि म्हणूनच फसवी आहे. दोरा रिळावर निमूटपणे बसतो, कारण दोरा लुळा असतो. इथे परिस्थिती काय आहे? १४७ जोड्या म्हणजे बरोबर ५० नॅनोमीटर. मघाशी सांगितले, एवढ्या अंतरात हा रेणू सरळ राहू पाहतो. जितकी लांबी ताठ राहायला हवी तितक्याच लांबीला जवळजवळ दोनदा गुंडाळायचे आहे. हे दोऱ्याचे काम नव्हे. ही वेताची छडी आहे. ती गुंडाळली जाते, कारण हिस्टोनांवर धनभारित घटकांची दाटी आहे आणि ते आतल्या अंगाच्या ऋण भाराला आपल्याकडे ओढतात. अरुंद खाच जिथे जिथे आतल्या बाजूला येते अशा चौदा ठिकाणी ही पकड असते. पकड एकेकटी हलकी आणि मिळून भक्कम. टोकांकडची पकड मधूनमधून सुटते आणि पुन्हा बसते. अभ्यासक त्याला श्वासोच्छ्वासच म्हणतात. श्वास घेणारे रीळ कोणी पाहिले आहे काय?

आणि पायऱ्या मोडतात का? नाही, मोडत नाहीत. त्या किंचित कलतात, सरकतात, एकमेकींपासून थोड्या वळतात. मोकळेपणी साडेदहा जोड्यांत होणारा पीळ या वेटोळ्यात सुमारे १०.२ जोड्यांत होतो, म्हणजे थोडा घट्ट होतो. टाटाच्या खोगिराखाली तो सैल झाला होता, इथे आवळला. डीएनए उजव्या पिळाचा, पण हिस्टोनांभोवतीचे वेटोळे डावे. त्यामुळे ते सुटते तेव्हा दोन धागे विलग व्हायला मदतच होते. बाळ, तू विचारलेस त्याचे उत्तर हे असे आहे. शिडी वाकते, पायऱ्या झुकतात, आणि झुकतात म्हणूनच मोडत नाहीत. हे उत्तर तेव्हाही पुस्तकांत होते. मला ते माहीत नव्हते एवढेच. माहीत नाही असे म्हणायचे सोडून मी तुला खाली बसवले.

कुलूप-किल्लीविषयी फार लिहीत नाही. एमिल फिशर यांनी १८९४ साली विकरांसाठी ती उपमा दिली आणि १९५८ साली डॅनियल कोशलँड यांनी तिला दुरुस्ती सुचवली, की किल्ली लागताना कुलूपही थोडे बदलते. डीएनएच्या बाबतीत तर कुलूप आणि किल्ली दोन्ही बदलतात. मग कोण कुलूप आणि कोण किल्ली, हा भेदच उरत नाही. जी उपमा आपल्याच दोन टोकांतील भेद सांभाळू शकत नाही, तिला निवृत्त करावे हे बरे.

५

इतकी मोडतोड केल्यावर समीक्षकाने हातावर काही ठेवले पाहिजे. माझ्या मते आपल्या भाषेत दोन शब्द फार दिवस वाट पाहत पडले आहेत.

पहिला शब्द ‘सूत्र’. क्रोमोसोमला आपण ‘गुणसूत्र’ म्हणतो. इंग्रजी नावाचा ग्रीक अर्थ आहे ‘रंगणारी वस्तू’. सूक्ष्मदर्शकाखाली रंग धरते म्हणून. आपल्या शब्दाने रंग सोडून धागा धरला. पण सूत्र म्हणजे नुसता धागा नव्हे; सूत्र म्हणजे भाष्याची वाट पाहणारे अल्पाक्षरी वचनही. ब्रह्मसूत्रे एकच, पण शंकराचार्यांनी ती एका बाजूला वळवली, रामानुजाचार्यांनी दुसऱ्या आणि मध्वाचार्यांनी तिसऱ्या. अक्षर कोणी बदलले नाही. अन्वय बदलला, वळण बदलले. डीएनएवर बसणारे प्रथिन हे मला अशा भाष्यकारासारखे वाटते. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत सूत्र तेच असते. भाष्यकार निराळे जमतात, आणि एकाच सूत्रातून दोन निराळे संसार उभे राहतात. ग्रंथाच्या प्रतिमेत वाचक बाहेर उभा असतो. सूत्राच्या प्रतिमेत भाष्यकाराशिवाय सूत्र मुकेच राहते.

दुसरा शब्द ‘पीळ’. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण लहानपणापासून आपण अडेलतट्टू माणसासाठी वापरतो. सुंभ वळताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की एका टोकाला पीळ जास्त दिला तर दोर मध्येच आढी घेतो, स्वतःभोवती गुंडाळतो. पीळ आणि वळण यांचा हिशेब एकच असतो. एकात कमी करा, दुसऱ्यात निघतो. डीएनएच्या अभ्यासकांना हाच हिशेब मोठ्या गणिताने मांडावा लागला. शिडीला ही विद्या येत नाही, सुंभाला येते. तेव्हा पुढच्या वेळी वर्गात मी फळ्यावर शिडी काढणार नाही. हातात दोन पदरी दोर घेऊन जाईन. म्हणीत मात्र दुरुस्ती करावी लागेल. या सुंभाचा पीळ जळेपर्यंत थांबत नाही. योग्य शेजारी येऊन बसला की तो तेवढ्यापुरता सैल होतो आणि शेजारी उठून गेला की पुन्हा आपल्या जागी येतो.

हे लिहिताना एक मोह होतो, तो कबूल करून आवरता घेतो. आपण सीमाभागातली माणसे. आपली मराठी कन्नडच्या शेजाराने वळलेली आहे. आपण मोठ्या भावाला अण्णा आणि बहिणीला अक्का म्हणतो, आणि ‘करतोय’ऐवजी ‘करायलोय’ म्हणतो, तेव्हा पुण्याचा पाहुणा हसतो. मनात येते, हेही तसेच नाही का? शेजाराने वाकलो, पण मोडलो नाही. परंतु भाषा म्हणजे रेणू नव्हे आणि माणसे म्हणजे प्रथिने नव्हेत. मघापासून मी ज्या दोषावर बोट ठेवतो आहे, तोच पदरात घेण्यात अर्थ नाही.

मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो. आपल्या घरांत दर जूनमध्ये हाच वाद असतो : मुलाला कोणत्या माध्यमात घालायचे? मराठीत विज्ञान शिकता येत नाही, असे म्हणणारे पालक माझ्यासमोर खुर्चीत बसलेले असतात. त्यांची काळजी खोटी नाही. पुढची पुस्तके इंग्रजीत आहेत, नोकऱ्याही तिकडेच आहेत. त्यांना मी एवढेच म्हणतो, की त्या दिवशी वर्गात जो प्रश्न आला तो मराठीत आला होता, आणि तो शास्त्रज्ञांच्या तोडीचा होता. त्या मुलीला भाषेने अडवले नाही. तिला अडवले ते एका उसन्या प्रतिमेने आणि ती प्रतिमा न तपासता पुढे ढकलणाऱ्या एका मास्तराने.

ती मुलगी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. लग्न होऊन चंदगडकडे दिली असे कोणी सांगते, कोणी म्हणते हुबळीत नोकरी करते. हा अंक ज्या घरांत जातो त्यांपैकी एखाद्या घरी ती असण्याचा संभव आहे. तिने हे वाचले तर तिला एवढेच कळावे, की तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. आणि तिचे मूल कधी असे काही विचारील, तेव्हा तिने त्याला खाली बसवू नये.